जिन्याला रेलिंग कशाचं लावू? स्टील, काच की लाकूड, नियमात काय बसतं?

नियम मटेरियलपेक्षा उंचीवर अडतो. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे पायरीच्या मध्यापासून हँडरेलच्या वरपर्यंत १००० मिमी धरा. घरात लहान मुलं असतील तर उभ्या बारमधला गॅप ४ इंचाच्या आत ठेवा, आणि आडवे पाईप नकोच, पोरं शिडीसारखी चढतात. स्टील घेणार असाल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, कोकणात समुद्राजवळ घर असेल तर ३१६. फॅब्रिकेटर मॅग्नेट लावून "बघा चिकटत नाही, म्हणजे ३०४" म्हणतो, पण २०२ या हलक्या, लवकर गंजणाऱ्या ग्रेडलाही मॅग्नेट चिकटत नाही हो, आमच्याकडे असंच झालं आणि दोन पावसाळ्यांत वेल्डिंगपाशी तांबूस डाग, त्यामुळे टेस्टिंगच्या लिक्विडचा थेंब टाकून दाखवायला सांगा, लाल झालं तर २०२. काच हवीच असेल तर नुसती टफन (तापवून मजबूत केलेली) नको, लॅमिनेटेड टफन (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) घ्या, फुटली तरी तुकडे खाली पडत नाहीत. लाकूड फक्त वरच्या पट्टीला, हाताला छान लागतं.