कोळसा संपला तर मुलीच्या भूगर्भशास्त्राचं काय?

वणी तालुक्यातून एका वडिलांनी लिहिलंय : 'मुलगी बारावी सायन्सला आहे, भूगर्भशास्त्र घ्यायचं म्हणते. आमची चार एकर खाणीत गेली. कोळसा आज ना उद्या संपणार. मग हिनं करायचं काय?'

भाऊ, कोळसा संपणं वेगळं आणि तो काढणं न परवडणं वेगळं. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकर नावाच्या खडकांच्या थरांतला, 25 कोटी वर्षांहून जुना. त्यावर कामठी वालुकाश्म (हे नाव आपल्या नागपूरजवळच्या कामठीवरूनच पडलं) आणि काही ठिकाणी त्याच्याही वर दख्खनचा काळा बेसॉल्ट. महाराष्ट्रात 1,200 कोटी टनांहून जास्त साठा नोंदलेला आहे. पण नोंदलेला सगळा काढता येतो असं नाही. थर किती खोल आहे, भ्रंशानं (खडक तडकून सरकल्यानं) मध्येच तुटलाय का, राख किती, टनामागे किती घनमीटर माती-दगड उपसावा लागेल, यावर खाण ठरते. तुमच्या भागातले ओबीचे (कोळशावरच्या माती-दगडाचे) ढिगारे त्या उपशाचेच. बोअरमधून निघालेला कोअर (खडकाची लांब कांडी) मीटरमीटरनं वाचून हा हिशेब मांडतो तो भूगर्भशास्त्रज्ञ. अशीच नजर भूजलाला, बोगद्याला, धरणाच्या पायालाही लागते. त्यामुळे तुमची भीती खाण अभियंत्याला जास्त लागू पडते, हिला कमी.

एक मात्र स्पष्ट सांगतो. नुसत्या बी.एस्सी.वर थांबणार असेल तर मी नको म्हणेन. एम.एस्सी. हवीच, आणि जमलं तर 'जॅम' परीक्षा देऊन आयआयटीतून. यूपीएससीच्या भू-वैज्ञानिक परीक्षेला आणि कोल इंडियाच्या भूगर्भ शाखेतल्या भरतीला पदव्युत्तर पदवी लागते. कोळशाचं पूर्वेक्षण (साठ्यांचा शोध) करणाऱ्या सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्था तर नागपुरातच आहे.

'पोरीला खाणीत कोण घेणार' असंही तुम्ही विचारलंय. 2019 पासून तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी स्त्रियांना भूमिगत खाणीतही दिवसा काम करता येतं. उन्हातान्हात फिल्डवर हिंडायची तयारी आहे का, एवढं तिला विचारा.

बारावीला गणित आहे की नाही, ते पत्रात नाही. असेल तर सोडू देऊ नका, म्हणजे मन बदललंच तर खाण अभियांत्रिकीचा रस्ताही मोकळा राहील.