आधी रक्त पोचू दे

प्रिय बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गर्भाच्या ऊती रोपून चिरडलेल्या नसा (मज्जातंतू), स्नायू पुन्हा उभे करता येणार असतील, तर तासन्‌तास धमन्या जोडत बसायचं कशाला, या विचाराने तू चक्रावली आहेस. मायक्रोसर्जरी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बारीक वाहिन्या-नसा जोडण्याचं काम, सोडून प्रयोगशाळेत जाऊ का, असं विचारतेस. खुशाल जा. पण ज्या ऊतीला रक्त नाही ती मरते, एवढं गाठीला बांधून जा.

गर्भाच्या पेशी झपाट्याने वाढतात, प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी आशा दाखवली आहे, सगळं मान्य. पण केशवाहिनीपासून, म्हणजे सगळ्यांत बारीक रक्तवाहिनीपासून, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी जरी लांब पडली, तरी पेशी उपाशी मरते. मग रक्तच न पोचणाऱ्या जखमेत तुझी ती कोवळी ऊती रुजणार कशी? आणि ती येते कुठून, हेही विचारत जा. गर्भपाताचा निर्णय त्या बाईचा आणि आधी. ऊती देण्याची संमती नंतर आणि वेगळी. यात घोळ करणाऱ्या प्रकल्पाच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.

१९६५ साली जपानमध्ये नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला, तो रक्तवाहिन्या शिवूनच. बोटाची धमनी जेमतेम १ मिलिमीटरची, ती शिवायचा दहा-शून्य मापाचा धागा केसाहून बारीक. रक्त अडवणारा चिमटा, क्लॅम्प, काढला की पांढरंफटक बोट हळूहळू गुलाबी होतं, टोकाला सुई टोचली की लालभडक थेंब येतो. तो थेंब आल्याशिवाय मी आजही टेबल सोडत नाही.

आपल्याकडे बोटं जातात कडबा कुट्टीत, मळणी यंत्रात, जिनिंगमध्ये. यावल-चोपड्याकडून माणूस येतो, तेव्हा बोट थेट बर्फात घातलेलं असतं, आणि तसं सांगणारा कुणीतरी डॉक्टरच असतो! सलाइनने ओलवलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फावर ठेवा. हे किती वर्षं घसा कोरडा करून सांगायचं?

मुंबईत राहा, असं मला अनेकांनी सांगितलं. संशोधन, परिषदा, नाव, सगळं तिथे होतं. ते हुकल्याची खंत आहे. तरी मी जळगावात राहिलो ते बरोबरच केलं. कोपरापासून तुटलेला हात थंड ठेवला नाही, तर त्यातले स्नायू सहाएक तासांत मरायला लागतात आणि रेल्वेने मुंबई गाठायलाच तेवढा वेळ जातो. इथल्या शेतमजुराने काय करायचं?

जोडलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला महिनेच्या महिने लागतात. तिथे तुझ्या गर्भऊती उद्या कामी येतील, असं मलाही मनापासून वाटतं. पण मेलेल्या बोटात नस वाढवून काय करणार आहेस? आधी रक्त, बेटा. मग बाकीचं.

शनिवारी ओपीडी आटोपली की ये. कोंबडीची मांडी आणून ठेवतो. तिची धमनी मायक्रोस्कोपखाली जोड, आत सलाइन सोडून कुठे गळतंय ते बघू. मग प्रयोगशाळेचं बोलू.

तुझा,
सर