झोप गिरणीत राहिली

प्रश्न : काका, लातूर एमआयडीसीत माझी छोटी डाळमिल आहे. बाबांनी सुरू केलेली, सहा वर्षांपासून मी बघतो. तूर आडतीवर जवळजवळ रोखीनं घ्यावी लागते आणि डाळ उधारीवर जाते. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडे 11 लाख अडकलेत, चार महिने झाले. रात्री दोनला जाग येते, मग मोबाइलवर भाव बघत पडतो. वय 34, आणि मागच्या महिन्यात बीपीची गोळी सुरू झाली. बायको म्हणते, तुम्ही घरात असून नसता. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. मिल बंद करून नोकरी धरावी का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : रात्री दोनला कुठली आडत उघडी असते रे?

हसतोय असं समजू नको. मीही 22 वर्षं लातुरातच डाळमिल चालवली. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. तूर भिजवायला टँकर, तोही मिळेल त्या भावात. त्यात चढ्या दरानं भरलेली तूर गोदामात, आणि 2017 च्या सुरुवातीला नवी तूर क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाच्याही खाली गेली. घरी मी अवाक्षर काढलं नाही. एक दिवस आडत्याचा मुनीम पैसे मागायला थेट दारात आला आणि सगळं उघडं पडलं.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "आकडा किती ते सांगा, मग कढई ठेवते." जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून तिनं लिहायला घेतलं. चौदा नावं निघाली. माझ्या डोक्यात देणं चाळीसच्या घरात होतं, बेरीज आली 27 लाख. 27 काही थोडे नव्हेत, पण त्या रात्री मी पाचपर्यंत झोपलो. देणं तेवढंच होतं, फक्त ते मी एकटा उशाला घेऊन झोपत नव्हतो.

तेव्हा आधी कागद. तोही एकट्यानं नाही, तिच्यासमोर बसून.

दुसरं, मिलचं खातं वेगळं ठेव आणि दर महिन्याला स्वतःला ठरलेला पगार घे. गल्ल्यातून किराणा आणि किराण्याच्या पैशातून हमाली, असं चाललं की मिल कमावते का खाते, तेच कळत नाही. क्विंटलभर तुरीतून 70 ते 75 किलो डाळ निघते; चुनी-टरफल विकून काय सुटतं, हे तुला तोंडपाठ असेल. घरखर्च किती, ते सांगता येईल का?

आता ते 11 लाख. माल पाठवायच्या आधीपासून तुझी 'उद्यम', म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी असेल, तर 2006 च्या लघुउद्योग कायद्यानं लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. पुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. व्यापारी हैदराबादचा असला तरी प्रकरण आपल्याच राज्यात, असे वाद सोडवणाऱ्या परिषदेपुढं चालतं. आधी साध्या पत्रानं हे कळव. कित्येकांना कायदा नुसता दाखवला तरी पुरतो. नोंदणी नसेल तर पुढच्या मालासाठी उद्याच कर, फुकट होते. संबंध बिघडतील म्हणशील. चार महिने पैसे न देणाऱ्याशी कसले संबंध? आणि हे पैसे हातात येईपर्यंत त्याला एक कट्टाही उधार देऊ नको.

गोळी मनानं बंद करू नको. झोप नाही आणि मन बसलंच, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात. आमच्या वेळी असलं काही नव्हतं; आम्ही तंबाखू मळत बसायचो, त्याचे दात अजून भरतोय.

नोकरीचं म्हणशील तर वाईट काही नाही, माझा धाकटा नोकरीच करतो आणि सुखात आहे. पण दोन वाजता जागा असलेला माणूस जे ठरवतो, त्यावर मी सही करणार नाही. वसुली होऊ दे, पगार घेऊन सहा महिने हिशेब लिही, मग विचार. कागदावर बेरीज किती आली, तेवढं मात्र लगेच कळव.