उंदराच्या मेंदूची चित्रं घेऊन माणसाच्या डिप्रेशनचं काय कळणार?

नागपुरात मेडिकलला मावशीसोबत मानसोपचाराच्या ओपीडीत बसलो की हाच प्रश्न मलाही पडायचा. नंतर फार्मसी शिकताना उत्तर थोडं उलगडलं.

उंदराला डिप्रेशन आहे असं कुणी म्हणत नाही. त्याला ताण येतो, एवढं मात्र नक्की. रोज काही तास अरुंद नळीत अडकवलं की तो खायला कमी करतो, उजेडाला आणि मोकळ्या जागेला आणखी घाबरतो. मेंदूत तेव्हा काय बदलतं, हे जिवंत माणसात पेशीच्या पातळीवर सहसा पाहता येत नाही. दवाखान्यातल्या १.५ किंवा ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) एमआरआयमध्ये एकेक पेशी दिसत नाही. उंदराचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. त्याच्या चेतापेशींत जनुकीय बदलाने, पेशी काम करू लागली की चमकणारं प्रथिन घालतात, डोक्यावर सुमारे २ ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक बसवतात आणि उंदीर फिरत असताना कोणती पेशी कधी पेटते ते बघतात. मला हे अजूनही थक्क करतं!

बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत मेंदूशास्त्रज्ञ सुमंत्र चटर्जींच्या गटाने २००२ मध्ये मोठ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, दाखवलं की सततच्या ताणाने मेंदूतल्या, आठवणींशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, पण भीतीशी जोडलेल्या अमिग्डलातल्या उलट पसरतात. (ते काम मात्र पेशी रंगवून केलेलं, जिवंत मेंदूचं चित्रण नव्हे.)

अपराधी वाटणं, आत्महत्येचे विचार हे उंदराला विचारता येत नाही. उंदरात चाललेलं औषध माणसात अनेकदा फसतं, त्याचं हेही एक कारण. मावशीच्या गोळ्या यावरून बदलू नका, हे मी घरीही सांगतो. ते डॉक्टरच ठरवतील.