मोठ्या डायोसिसचे विभाग पाडून वेगवेगळे बिशप नेमल्याने मंडळीला खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या डायोसिसचा, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या मुलखाचा, पसारा फार मोठा आहे, विभाग पाडून प्रत्येकाला वेगळा बिशप किंवा आर्चडीकन (बिशपच्या हाताखाली भागाचा कारभार बघणारा वरिष्ठ पाळक) द्यावा असं काही जण म्हणतात, आणि इंग्लंडमधला अनुभव काय ते तुम्हाला हवंय.

अनुभव चांगला आहे, पण एका अटीवर: सहीचा अधिकार त्या विभागात उतरला पाहिजे. सही मुख्य कचेरीतच राहिली तर विभाग नकाशावर राहतात आणि मंडळी आहे तिथेच राहते.

मी वेस्ट यॉर्कशरमधल्या एका जुन्या गिरणीच्या गावात राहते आणि तिथल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चची चर्चवॉर्डन, म्हणजे इमारत आणि कारभार बघायला निवडलेली प्रतिनिधी, आहे. आमचं गाव पूर्वी वेकफील्ड डायोसिसमध्ये होतं. 20 एप्रिल 2014ला, ईस्टरच्या दिवशी, वेकफील्ड, ब्रॅडफर्ड आणि रिपन-लीड्स हे तिन्ही डायोसिस विसर्जित होऊन लीड्सचा एकच झाला. आदल्या वर्षी मार्चमध्ये वेकफील्डच्या सिनडने, म्हणजे डायोसिसच्या सभेने, ह्याला नकार दिला होता. बाकी दोघांनी होकार दिला, आणि यॉर्कचे आर्चबिशप जॉन सेंटामू यांनी आमचा नकार असतानाही योजना जनरल सिनडपुढे, म्हणजे देशभरच्या चर्चच्या सभेपुढे, जाऊ दिली. जुलैत ती मंजूर झाली. 1888 पासूनचा आमचा डायोसिस असा गेला, ते मला आजही पटलेलं नाही. लीड्स शहरात तर आमच्या चर्च ऑफ इंग्लंडचं कॅथीड्रलही नाही. ब्रॅडफर्ड, रिपन आणि वेकफील्ड ह्या तिन्ही ठिकाणची कॅथीड्रलं तशीच चालू आहेत.

पण त्याच योजनेतली एक गोष्ट मी तेव्हाही उचलून धरली होती. सुमारे 26 लाख वस्तीच्या ह्या डायोसिसचे पाच विभाग केले: ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, लीड्स, रिपन, वेकफील्ड. प्रत्येकाला एक एरिया बिशप, म्हणजे मुख्य बिशपच्या हाताखाली तेवढाच भाग बघणारा बिशप, आणि एक आर्चडीकन. लंडन डायोसिसमध्ये ही पद्धत 1979 पासून आहे. आमच्या वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बैठकीच्या खोलीत, तेव्हा बहुतेक जण म्हणत होते की हे सगळं दिखाऊ आहे. मी म्हणत होते, निदान आपला माणूस आपल्या भागात राहील.

तो राहिला, म्हणून आमचं चर्च उभं आहे. एका हिवाळ्यात रात्रीत छपरावरचं शिसं चोरीला गेलं. इकडे ही चोरी नेहमीची, भंगारात शिशाला चांगला भाव येतो. सकाळी दार उघडलं तर ऑर्गनवर पाण्याची धार. व्हिकर, म्हणजे आमचे पाळक, निवृत्त झालेले, नवीन कोणी आलेलं नाही, आणि अशा मधल्या काळात रोजचा सगळा भार चर्चवॉर्डनांवर पडतो. मी आर्चडीकनना फोन केला. त्याच दुपारी ते रबरी बूट घालून स्वतः आले. शिडीवर चढून सगळं बघितलं, खाली येऊन वेस्ट्रीतल्या टेबलावर तात्पुरतं आच्छादन टाकायची लेखी परवानगी लिहून दिली. संध्याकाळी ताडपत्री पडली. शिशाच्या जागी कायमचे स्टीलचे पत्रे बसवायचे तर डायोसिसच्या चान्सलरकडून, म्हणजे चर्चच्या न्यायाधीशाकडून, फॅकल्टी (इमारतीत बदल करायचा परवाना) लागते, तिला वेळ लागायचा तो लागलाच. पण अर्ज कसा भरायचा, विम्याची कागदं कुठे लावायची, हे त्यांनी आमच्या शेजारी बसून करून घेतलं.

त्याच काळात एका रविवारी एरिया बिशप प्रभुभोजन द्यायला आले आणि नंतर चहाला थांबले. आमच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना सरळ विचारलं, ‘‘आमचं चर्च बंद करणार आहात का?’’ ते म्हणाले, ‘‘नाही. नव्या व्हिकरची जाहिरात ह्याच महिन्यात काढू.’’ वर विचारून सांगतो, असं ते म्हणाले नाहीत. जाहिरात निघाली. मुलाखतीला मंडळीचे दोन प्रतिनिधी बसले, त्यातली एक मी होते.

हे मी माझ्या थोरल्या भावाला कितीदा सांगितलं असेल. दादा नगरकडे पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीवर, आहे आणि 2014 पासून आमचा फोनवर हाच वाद चालू आहे. तो म्हणतो, जास्त बिशप म्हणजे जास्त गाड्या, जास्त बंगले, आणि वर्गणी आमची. दादा, आपण दृढीकरणाला (बाप्तिस्मा झालेल्यांच्या डोक्यावर बिशप हात ठेवतात त्या विधीला) तयार होऊन बसायचो आणि बिशपसाहेबांची तारीखच मिळायची नाही, ते विसरलास का? शेवटी लहानमोठी सगळी मुलं एकाच रांगेत गुडघे टेकून बसली होती. त्यात दोष कुणाचा नव्हता, मुलूख मोठा आणि माणूस एक. आणि ही काही साहेबांच्या देशातली नवी टूम नाही. आपल्याकडेच मुंबईच्या डायोसिसमधून 1929 मध्ये नाशिकचा वेगळा निघाला, आणि त्याचे पहिले बिशप फिलिप लॉइड हे आधी मुंबईचे सहायक बिशप होते. आधी सहायक, मग स्वतंत्र, हा रस्ता आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलेला आहे.

खर्चाचं मात्र दादाचं म्हणणं निम्मं खरं आहे, ते तुम्हीही लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये बिशपांचा पगार आणि कचेरीचा खर्च चर्च कमिशनर्सच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या, मध्यवर्ती निधीतून येतो, एरिया बिशपांचासुद्धा. मंडळीच्या वर्गणीवर तो पडत नाही. तुमच्याकडे असा निधी नसेल तर तो बोजा शेवटी चर्चच्या शाळांच्या आणि जमिनींच्या उत्पन्नावर जाईल, आणि जमिनीचा विषय निघाला की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तीन डायोसिसचा एक करूनही बिशपांची संख्या इथे कमी झालेली नाही. शिवाय सगळीकडे ही पद्धत टिकत नाही, सॉल्झबरीने ती 1981 मध्ये सुरू केली आणि 2009 मध्ये सोडून दिली.

बिशप परवडत नसेल तर आर्चडीकन आधी नेमा. छप्पर, हिशेब, भांडणं, पाळकाविना राहिलेली मंडळी, हे सगळं आर्चडीकनच बघतो, आणि माझ्या मते तोच जास्त उपयोगाचा. बिशप नेमणार असाल तर कोणकोणते अधिकार त्याच्याकडे जाणार ते आधी लिहून मागा. इथे मुख्य बिशप आपले अधिकार देतात ते लेखी पत्राने, आणि त्याला डायोसिसच्या सिनडची मंजुरी लागते. दृढीकरण आणि पाळकांचे दीक्षाविधी तर सगळेच आनंदाने देतील. तुम्ही पाळकांच्या नेमणुका आणि बदल्या कोणाकडे जातात ते बघा. बदल्या मुख्य कचेरीतच ठेवून विभाग पाडत असतील, तर कौन्सिलमध्ये सरळ विरोधात मत द्या.