चांदीनं मारलं, पण कुठे?

प्रश्न : मॅडम, आम्ही घरासाठी नवा फिल्टर बघतो आहोत. विक्रेता ‘नॅनो सिल्व्हर’ची कँडल दाखवतो आणि ९९.९ टक्के जिवाणू मरतात, आता पाणी उकळायची गरज नाही असं सांगतो. प्रयोगशाळेचा अहवालही दाखवला. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. विक्रेत्यावर विश्वास ठेवू का?

उत्तर : आधी बाळाचं सांगते. त्याचं पाणी उकळणं थांबवू नका. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवा (तुम्ही २००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं) आणि त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या. आता कँडलकडे वळू.

चांदी जिवाणूंना मारते, यात खोटं काही नाही. धातूंचा अगदी थोडा अंश सूक्ष्मजीवांचा जीव घेतो, हे कार्ल नेगेली यांचं निरीक्षण १८९३ साली छापून आलं. नॅनोकणांनी त्यात भर घातली ती पृष्ठभागाची. एक घन सेंटिमीटर चांदीचे १० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) चौकोनी तुकडे केले, तर सहा चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. वजन तेच, पण पाण्याला भिडणारं अंग दहा लाख पटींनी वाढलेलं. त्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात, जिवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतात, आवरण खिळखिळं करतात आणि त्याची श्वसनक्रिया बंद पाडतात. विष्ठेतून पाण्यात येणारा ई. कोलाय हा जिवाणू साधारण दोन मायक्रोमीटर, म्हणजे दोन हजार नॅनोमीटर लांब असतो. त्याच्यासमोर १० नॅनोमीटरचा कण म्हणजे म्हशीच्या अंगावरचं गोचीड.

पण या मरण्याला वेळ लागतो. तुमच्या कँडलमधून पाण्याचा एखादा थेंब काही मिनिटांतच पार होतो. चांदीचा परिणाम मात्र पुष्कळदा तासांच्या हिशेबात मोजावा लागतो. म्हणून मातीच्या कँडलमध्ये जिवाणू अडवण्याचं मुख्य काम तिची बारीक छिद्रंच करतात. चांदी असते ती अडकलेल्या जिवाणूंनी कँडलच्या आत बस्तान बसवू नये म्हणून. कोळशाच्या फिल्टरमध्येही ती बहुधा याच कारणासाठी घातलेली असते. हे उपयोगी काम आहे, पण ‘उकळायची गरज नाही’ म्हणण्याइतकं नाही.

आता अहवालाबद्दल. मी २७ वर्षं पाण्यातले जिवाणू मोजले आहेत, आणि सुरुवातीच्या काळात माझ्या हातून घडलेली एक चूक मी प्रत्येक नव्या मुलीला सांगत असे. चांदीचा मुलामा दिलेल्या गाळणीतून ई. कोलाय मिसळलेलं पाणी सोडलं, खाली आलेलं पाणी अगारच्या थाळीवर (जिवाणू वाढवायच्या खळीवर) पसरलं, रात्रभर ३५ अंशांवर ठेवलं. सकाळी थाळ्या कोऱ्या, जिवाणूंची एकही वसाहत, म्हणजे ठिपका, नाही. मला फार आनंद झाला होता. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, “नमुन्यातली चांदी थांबवली होतीस का?” मी थांबवली नव्हती. गाळणीतून सुटलेले आयन पाण्याबरोबर थाळीवर गेले होते आणि रात्रभर तिथे मारत होते. म्हणजे जिवाणू मेले खरे, पण गाळणीत नाही, माझ्या थाळीवर. ज्याच्या हातात पेला असतो, तो रात्रभर थांबत नाही. त्याच्या पोटात ते जिवंतच गेले असते. पुढच्या वेळी नमुना घ्यायच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट आणि थायोग्लायकोलेट घातलं. ते चांदीला पकडून ठेवतं. मग थाळीवर वसाहती उगवल्या.

म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. मोजण्याआधी चांदी निष्क्रिय केली होती का? चाचणीचं पाणी ऊर्ध्वपातित होतं, की क्षार आणि गाळ असलेलं? आणि चाचणी नव्या कँडलची होती, की हजारो लिटर पाणी गेल्यावरची? पाण्यातलं क्लोराइड चांदीशी जुळून न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड बनवतं आणि चांदीचा जोर ओसरतो. गढूळ पाण्यात चांदी चिखलालाच चिकटून राहते.

राहता राहिले ९९.९ टक्के. पाण्यात दहा लाख जिवाणू असतील तर त्यातून हजार वाचले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १९८७ च्या मार्गदर्शिकेत सूक्ष्मजीवांसाठीच्या शुद्धिकारकानं जिवाणू दहा लाखांतून एकावर आणावेत अशी अपेक्षा आहे. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते, पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय सापडताच कामा नये.

प्रश्न : ताई, चांदी पाण्यात उतरते म्हणता, मग ती पोटात जाऊन अपाय होणार नाही का?

उत्तर : अंश किती, त्यावर आहे. जंतुरोधनासाठी चांदी वापरायची तर लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत धोका नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. वर्षानुवर्षं फार चांदी शरीरात गेली तर कातडी निळसर राखाडी होते आणि ती पूर्ववत होत नाही. म्हणून घरी बनवलेलं ‘चांदीचं पाणी’ औषध म्हणून कुणी देत असेल तर कृपा करून घेऊ नका.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घ्यावं की कार्बन नॅनोट्यूब?

उत्तर : मी तुझ्या जागी असते तर टायटॅनियम घेतलं असतं. नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या. त्यांच्या संपर्कात येताच जिवाणूचं आवरण फाटतं, हे २००७ साली येल विद्यापीठातल्या गटानं दाखवलं. काम सुंदर आहे. पण नळ्या पाण्यात सुट्या राहू न देणं हीच त्यातली अर्धी लढाई, आणि वर्षभरात ती तुला जिंकता येणार नाही.

टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला की पाण्यातून विजेच्या मदतीनं हायड्रोजन सुटतो, हे फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलं. प्रकाश पडलेलं टायटॅनियम डायऑक्साइड जिवाणूंनाही मारतं, हे मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं. प्रकाशानं इलेक्ट्रॉन मोकळा झाला की मागे राहिलेल्या रिकाम्या जागेमुळे पाण्यातून हायड्रॉक्सिल मूलक हे फार क्रियाशील कण तयार होतात आणि ते जिवाणूचं आवरण जाळतात. अडचण अशी की त्याला अतिनील प्रकाश लागतो, साधारण ३९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, आणि उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. शिवाय पाणी गढूळ असलं की प्रकाश आत पोचतच नाही.

दोन सूचना आहेत. कण पाण्यात सोडू नकोस, काचेवर किंवा मण्यांवर बसव, नाहीतर पाणी स्वच्छ केल्यावर कण परत कसे काढायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. आणि नुसत्या उन्हात ठेवलेली, कण नसलेली बाटली तुलनेला ठेवच. स्वच्छ पाणी पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत सहा तास कडक उन्हात ठेवलं तर जिवाणू तसेही मरतात. तुझ्या कणांनी किती आणि उन्हानं किती मारलं, हे त्या दुसऱ्या बाटलीशिवाय तुला कळणार नाही.

प्रश्न : फिल्टर आणल्यावर तो काम करतो की नाही, हे घरी कसं बघायचं?

उत्तर : हायड्रोजन सल्फाइडची चाचणी-बाटली मिळते. पाणी भरून उबदार जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाण्यात विष्ठेची घाण असण्याचा दाट संशय घ्यायचा. ही बाटली मला आवडते, कारण घरातलं कुणीही ती वाचू शकतं. पण चांदीच्या कँडलचं पाणी असेल तर ती काळी पडली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. माझ्या थाळीवर झालं तेच तुमच्या बाटलीत होऊ शकतं. अशा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच द्या, आणि देताना फिल्टरमध्ये चांदी आहे हे चिठ्ठीवर लिहा, म्हणजे ते बाटलीत योग्य रसायन घालून देतील.

शिवाय जिवाणू नाहीत म्हणजे पाण्यात दुसरं काही नाही असं नव्हे. रोटाव्हायरस हा विषाणू सुमारे ७५ नॅनोमीटरचा असतो, तो मातीच्या कँडलच्या छिद्रातून सहज निघून जातो. उलट क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब लावणाऱ्या परजीवीचे कोष चार ते सहा मायक्रोमीटरचे. ते बारीक छिद्रात अडकतात, पण क्लोरीनला फारसे दाद देत नाहीत. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून हेच कोष गेले आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. त्या शहराच्या पाण्यात क्लोरीन होतं.

कँडल घासून धुवायची वेळ आली की आधी साबणानं हात धुवा, आणि गाळलेल्या पाण्याच्या तोटीला ओला हात लावू नका. फिल्टर चांगला असूनही खालच्या टाकीचा नमुना खराब आलेला मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि बहुतेक वेळा दोष तोटीचाच निघाला.