फळांचं क्रम्बल गोड, आंबट आणि तिखट करायचं आहे, पण मिरचीचा नुसता जाळ लागतो आणि तळाशी पाणी सुटतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की अननसाच्या फोडींत संत्र्याचा रस, लिंबू, साखर आणि लाल मिरचीपूड एकदमच कालवली, वर मैदा-बटरचा चुरा पसरला आणि बेक केलं. चुरा वरून सोनेरी, खालून गिच्च. एक घास मिळमिळीत, दुसऱ्याला ठसका. संत्र्याचा तर वासही नाही.

तुमच्या प्रमाणात फारसं वावगं दिसत नाही. घोळ आहे तो सगळं एकाच वेळी एकाच भांड्यात टाकण्यात. या तिन्ही चवी वेगवेगळ्या गोष्टींत मुरतात. तिखट मुरतं बटरमध्ये, संत्र्याचा वास साखरेत आणि आंबटपणा फळाच्या रसात. मी क्रम्बल करतो तेव्हा या तिघांची आधी वेगवेगळी सोय लावतो आणि मगच त्यांना एकत्र आणतो.

आधी तिखटाचं बघू, कारण सगळ्यात जास्त तेच बिघडतं. मिरचीचा जाळ कॅप्सेसिनमुळे होतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र छान विरघळतं. फळाच्या रसात पूड घातली की ती रसात उतरत नाही, नुसती तरंगत राहते किंवा एखाद्या फोडीला चिकटून बसते. ज्याच्या वाटणीला ती फोड येईल त्याला ठसका. तेव्हा पूड सोडा आणि चिली फ्लेक्स बटरमध्ये उतरवून घ्या. 110 ग्रॅम बिनमिठाचं बटर अगदी मंद आचेवर वितळवायचं, त्यात अर्धा छोटा चमचा फ्लेक्स घालायचे आणि गॅस बंद करून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. ही फोडणीच आहे, फक्त तडतड न होऊ देता केलेली. बटरमधला दुधाचा अंश लवकर करपतो, मिरची त्याहून लवकर. एकदा करपली की येणारा कडवटपणा साखरेनेही झाकला जात नाही. बटर फिकट केशरी झालं की गाळून घ्या. गाळायचा कंटाळा करू नका. मिरचीचा तुकडा दाताखाली आला नाही तरच प्रत्येक घासाला सारखं तिखट लागेल.

गाळलेलं बटर कोमट असताना चाखून बघा. नुसतं चाखताना ते जरा जास्तच झणझणीत वाटायला हवं, कारण पुढे त्यात मैदा, ओट्स आणि साखर मिसळणार आहे. कमी वाटलं तर फ्लेक्स परत घालून थोडा वेळ ठेवता येतं. जास्त झालं तर साधं बटर मिसळून सौम्य करता येतं. फळात पूड कालवल्यावर अशी माघार घेता येत नाही.

मिरची निवडताना तिखटापेक्षा वासाकडे बघा. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिखट मोजायची जी रीत काढली, त्यात मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्यांना तिखट कळेनासं व्हावं. त्या मापात वाळवलेली आंचो मिरची साधारण 1,000 ते 2,000 वर असते आणि हाबानेरो लाखाच्या वर जाते. गंमत अशी की फळांबरोबर या दोन्ही जमतात, कारण दोघींना स्वतःचा फळासारखा वास आहे. आंचो घेतलीत तर हात सैल सोडता येईल, हाबानेरो घेतलीत तर एक बारीक काप पुरेल. बाटलीतले चिली सॉस मात्र यात नकोत. त्यात बहुतेक वेळा लसूण आणि व्हिनेगर असतं आणि संत्र्यासमोर ती दोन्ही नकोशी होतात.

ओली मिरची वापरणार असाल तर नुसत्या बिया काढून भागत नाही. कॅप्सेसिन मुख्यत्वे बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढुरक्या भागात असतं, बियांना ते संसर्गाने लागतं. तो भाग सुरीने खरवडून टाका. नंतर हाताला आधी थोडं तेल चोळा, मग साबण लावा. नुसत्या पाण्याने धुतलेला हात डोळ्याला लागला की काय होतं ते सांगायला नको.

आता संत्रं. तुमच्या क्रम्बलला वास आला नाही कारण तुम्ही रस घातलात. संत्र्याच्या रसात पाणी भरपूर आणि सुगंध बेताचा. खरा वास सालीच्या अगदी वरच्या केशरी थरातल्या तेलात असतो. साल गरम पाण्याने घासून धुवा (बऱ्याचदा वर मेणाचा हात दिलेला असतो), कोरडी करा आणि बारीक किसणीवर हलक्या हाताने किसा. केशरी रंग संपून पांढरं दिसलं की थांबा. ते पांढरं कडू असतं. दोन संत्र्यांचा कीस 80 ग्रॅम साखरेत घाला आणि बोटांनी चोळा. मिनिटभरात साखर ओलसर वाळूसारखी होते, रंग धरते आणि वास खोलीभर जातो. साखरेच्या कणांनी सालीतलं तेल फुटतं आणि साखरच ते शोषून घेते.

यातली दोन चमचे साखर झाकून बाजूला ठेवा. ओव्हनमध्ये हा वास बराचसा उडून जातो, त्याला इलाज नाही. ती राखून ठेवलेली साखर बेक झाल्यावर वरून भुरभुरायची आहे. एवढ्याशा गोष्टीने पहिल्या घासाला संत्रं आधी जाणवतं.

फळांमध्ये मी 500 ग्रॅम अननस आणि 300 ग्रॅम सफरचंद घेतो. अननस एकटा घेतला तर रस फार सुटतो आणि सगळं धाग्याधाग्याचं लागतं. सफरचंदात पेक्टिन चांगलं असतं, त्यामुळे रसाला जरा अंग येतं. फोडी दोन सेंटिमीटरच्या करा, सफरचंदाच्या थोड्या लहान. त्यात संत्र्याची उरलेली साखर, चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा किसलेलं आलं घालून पाऊण तास ठेवून द्या.

हा पाऊण तास वगळू नका, तुमच्या पाण्याचं उत्तर इथेच आहे. अननस काय, सफरचंद काय, वजनाचा 85 टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो. साखर ते बाहेर ओढणार हे ठरलेलं. ते ओव्हनमध्ये सुटलं तर चुरा भिजवणार, आधीच सुटलं तर आपल्या हातात राहतं. चाळणीतून रस छोट्या पातेल्यात गाळा. दोन चमचे गार रसात दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर कालवा, बाकीचा रस उकळा आणि त्यात ते ओतून मिनिटभर ढवळा. आधी पांढुरकं दिसेल, मग चमकदार आणि दाट होईल. तेव्हा गॅस बंद करा आणि आता एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला. आधी घालू नका, कारण आंबटात शिजलं की स्टार्चची पकड सैल पडते. हे दाट मिश्रण फोडींना चोळून भांड्यात पसरा. भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं हवं. उघड्या ॲल्युमिनियमला आंबट चालत नाही, पदार्थाला धातूची चव येते.

आल्याबद्दल एक गोष्ट. ताजं आलं शिजलं की त्यातल्या जिंजेरॉलचं झिंजेरोन होतं, म्हणजे तिखटपणा मवाळ होतो आणि गोडसर वास येतो. वाळवल्यावर मात्र उलटं, त्याचं शोगाओल होतं आणि ते जास्त झोंबतं. म्हणून फळात ताजं आलं आणि चुऱ्यात पाव छोटा चमचा सुंठ अशी वाटणी मला आवडते. मिरची नकोच असेल तर सुंठ आणि ताजी भरडलेली मिरी यांवरही क्रम्बल उत्तम होतं. तो तिखटपणा वेगळा असतो, नाकाकडे जाणारा. दालचिनी मात्र मी यात घालत नाही. सफरचंद दिसलं की लोकांचा हात आपोआप दालचिनीकडे जातो, पण ती संत्र्याला दाबून टाकते.

चुरा सोपा आहे. 150 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम ओट्स, 80 ग्रॅम साखर, सुंठ, पाव चमचा मीठ. त्यात कोमट तिखट बटर धारेने ओता आणि काट्याने हलवा. मळू नका. हरभऱ्यापासून सुपारीएवढे गोळे व्हायला हवेत. मग वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. बटर घट्ट झालं की ओव्हनमध्ये चुरा एकदम वितळून पसरत नाही, गोळे तसेच राहून खुसखुशीत होतात. फळांवर पसरताना दाबू नका, वाफेला वाट हवी.

ओव्हन 190 अंशांवर आधी तापवलेला हवा, पंखा चालू असेल तर 170. वेळ 35 ते 45 मिनिटं म्हणता येईल, पण घड्याळापेक्षा भांड्याकडे बघा. कडेला बुडबुडे लवकर येतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मधोमध चुऱ्यातून दाट, संथ बुडबुडे वर येऊन फुटू लागले की झालं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 95 अंशांच्या आसपास दिसेल. वरचा भाग आधीच लाल झाला तर फॉइल सैलसर टाका आणि पुढे चालू ठेवा. बहुतेक पाणचट क्रम्बल रंग बघून लवकर बाहेर काढलेली असतात.

बाहेर काढल्यावर अर्धा तास थांबा. घरातले भोवती घिरट्या घालतील, घालू द्या. निवताना रस आणखी दाट होतो हे एक. दुसरं कारण तिखटाचं. जिभेवर कॅप्सेसिन ज्या संवेदकाला (रिसेप्टरला) चिकटतं, तोच साधारण 43 अंशांच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये तो ओळखला आणि 2021 च्या नोबेल पुरस्कारामागे हेच काम होतं. आपल्यापुरता अर्थ असा की वाफाळतं क्रम्बल असतं त्याहून तिखट लागतं, कारण मिरची आणि उष्णता दोन्ही एकच बटण दाबतात. गरम असताना चाखून ‘बिघडलं’ म्हणू नका. कोमट झाल्यावर राखलेली संत्र्याची साखर भुरभुरा आणि मग ठरवा.

तरीही जास्त वाटलं तर सोबत व्हॅनिला आइस्क्रीम किंवा घट्ट साय द्या. पाण्याने जाळ नुसता पसरतो. दुधातला स्निग्धांश आणि केसीन हे प्रथिन त्याला धरतात, गारवा त्याच्या विरुद्ध काम करतो, शिवाय साखरही मदतीला येते. शोभेसाठी कच्च्या अननसाची फोड मात्र आइस्क्रीमवर ठेवून देऊ नका. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळाने कडवट चव येते. बेक केलेल्या अननसाला ही भीती नाही, उष्णतेने ते निकामी झालेलं असतं.

फळं बदलायची असतील तर पेअर चालतो, पण तो आंबट नसतो, लिंबू दीडपट करा. पीच चांगलं, साल काढून. स्ट्रॉबेरीत पाणी आणखी जास्त, कॉर्नफ्लोअर दोन चमचे लागेल आणि लाल मिरचीऐवजी मिरी बरी जमते. केळं या बेतात मला कधीच पटलेलं नाही.

उरलं तर दुसऱ्या दिवशी 160 अंशांवर पंधरा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये चुरा मऊ पडतो. फ्रीजमधलं काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं. आधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तिखट बटर जास्तीचं करून गाळून फ्रीजमध्ये ठेवलंत तर पुढच्या वेळी निम्मं काम आधीच झालेलं असेल, फक्त डबीवर चिठ्ठी लावा. नाहीतर सकाळी कुणीतरी ते टोस्टला लावेल.